मैदानावर पाणी प्यावे की नाही?



गेल्या उन्हाळ्यात माझी पुतणी कबड्डीच्या सरावाहून डोके धरूनच घरी आली. ती आठवीत आहे. साडेनऊ ते अकरा असा दीड तास उन्हात सराव झाला होता, आणि तेवढ्या वेळात कोणीही पाण्याला हात लावायचा नाही, असा तिथला नियम. का, म्हणून विचारले, तर म्हणाली, "काका, खेळताना पाणी प्यायलं की पोटात कळ येते आणि दम कमी होतो, असं सर सांगतात. शिवाय पाणी मागितलं की सगळे कच्चा लिंबू म्हणतात."

मला नवल वाटले नाही. तीस वर्षांपूर्वी माझ्याही शाळेत हाच नियम होता, आणि आम्ही तो निमूटपणे पाळत होतो. आज मात्र मला वाटते की, हा नियम चुकीचा आहे आणि तो बदलला पाहिजे. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने खेळात लुडबुड का करावी, असे तुम्ही विचाराल. कारण हा प्रश्न निम्मा उष्णतेचा आहे, आणि त्याचे गणित तुम्हांलाही करता येईल.

समजा, तुमचे वजन ४० किलो आहे आणि तुम्ही ५ किलोमीटर धावलात. धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे, साधारण १ किलोकॅलरी ऊर्जा लागते. म्हणजे एकूण २०० किलोकॅलरी झाल्या. आपले स्नायू काही फार काटकसरी यंत्र नव्हेत. या ऊर्जेचा पाचवा हिस्सा, फार तर चौथा, प्रत्यक्ष कामी येतो. बाकीची सुमारे १६० किलोकॅलरी उष्णता होऊन शरीरातच उरते. ४० किलोच्या शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे ३३ किलोकॅलरी पुरतात. आता भागाकार करा. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर तापमान जवळजवळ ५ अंशांनी वाढेल, म्हणजे ३७ वरून ४२ च्या घरात जाईल! एवढा ताप जिवावर बेतू शकतो.

तसे होत नाही, कारण आपल्याला घाम येतो. एक लिटर घाम त्वचेवरून वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. १६० किलोकॅलरी घालवायला पाव लिटरहून थोडा अधिक घाम पुरे, पण तो वाळला पाहिजे. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ठिबकतो. आणि ठिबकलेला घाम शरीर थंड करत नाही. म्हणून तिथे घाम जास्त जातो आणि गारवा कमी मिळतो. गेलेले हे पाणी रक्तातून आलेले असते. ते भरून निघाले नाही, तर हृदयाला तेच काम अधिक ठोके देऊन करावे लागते, पुढे घामही कमी होतो आणि तापमान चढू लागते.

पाण्याविना खेळवण्याची ही समजूत केवळ आपल्याकडचीच नाही. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईस येथे ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली. कडक ऊन, धुळीचा रस्ता, आणि वाटेत पाण्याची सोय जवळजवळ नाहीच! ३२ धावपटू निघाले, त्यांतले अवघे १४ शेवटपर्यंत पोहोचले. विजेता थॉमस हिक्स वाटेत पाणी मागत होता. त्याच्या मदतनिसांनी पाणी नाकारून त्याचे तोंड तेवढे ओल्या स्पंजने पुसले, आणि शक्ती यावी म्हणून चक्क स्ट्रिक्निन हे विष, अंड्याचा पांढरा बलक व ब्रँडी दिली! तो कसाबसा जिंकला. त्याला ३ तास २८ मिनिटे ५३ सेकंद लागली. ऑलिंपिक मॅरेथॉनच्या विजेत्यांत इतका वेळ दुसऱ्या कोणालाही लागलेला नाही.

पुढे मोजमाप सुरू झाले. १९४४ साली हार्वर्डच्या संशोधकांनी माणसांना तापलेल्या खोलीत तासन्‌तास चालायला लावले. पाणी न पिणाऱ्यांचे तापमान चढत गेले आणि ते लवकर थकले. तहानेपुरते पिणारे त्यांच्यापेक्षा बरे राहिले. जेवढा घाम गेला तेवढे पाणी ज्यांना दिले, ते सर्वांत चांगले टिकले. १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट केड यांनी खेळाडूंसाठी मीठ-साखरेचे पेय तयार केले. त्यातून पुढे मोठा व्यापार उभा राहिला.

पण लंबक एका टोकाला नेऊन सोडला, की तो मध्यावर थांबत नाही, दुसऱ्या टोकाला जातो. इथेही तेच झाले. १९९६ च्या सुमारास अमेरिकेतली तज्ज्ञ मंडळी सांगू लागली की, घामाइतके, नाहीतर पोटाला सोसेल तेवढे प्या. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतल्या १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियमचे प्रमाण घटलेले आढळले. अतिशय पाणी प्यायल्याने रक्त पातळ झाले होते. त्यांतल्या अनेकांचे वजन शर्यतीनंतर कमी होण्याऐवजी वाढले होते! खेळाडूंसाठीची खास पेये पिणारेही त्यातून सुटले नव्हते. त्याच शर्यतीत एक तरुण धावपटू याच कारणाने दगावली.

मग खरे कोणाचे मानायचे? माझे मत असे, की 'पिऊ नका' आणि 'भरपूर प्या' हे दोन्ही आंधळे हुकूमच आहेत. कोणाला किती घाम येतो, हवा कशी आहे, खेळ किती वेळ चालणार आहे, हे न पाहता सर्वांना एकच माप लावणे बरोबर नाही. सरांच्या म्हणण्यातही थोडे तथ्य आहे. घटाघट तांब्याभर पाणी पिऊन लगेच धावले, तर पोटात कळ येऊ शकते. पण त्यावर उपाय घोट-घोट पिणे हा आहे, तहान मारणे हा नव्हे.

जाहिरातींनाही भुलू नका. तासाभराच्या खेळाला साधे पाणी आणि घरचे जेवण पुरते. खेळ उन्हात बराच वेळ चालला, तर मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत चांगले. महागड्या बाटलीवाचून तुमचे काहीही अडणार नाही.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. प्रत्येक शाळेच्या मैदानावर पाण्याचा माठ असावा, तहान लागेल त्याला पिण्याची मोकळीक असावी, आणि जवळ एक वजनकाटा असावा. सरावापूर्वी वजन करा. सरावानंतर घाम पुसून, कोरड्या कपड्यांत पुन्हा करा. ४० किलोच्या मुलाचे वजन ८०० ग्रॅमहून, म्हणजे २ टक्क्यांहून अधिक घटले, तर पाणी कमी पडले. वजन वाढले, तर पाणी जास्त झाले. मधे लघवीला गेला असाल, तर तेवढे वजन हिशेबात धरा, म्हणजे झाले.

माझी पुतणी आठवडाभर हे आकडे वहीत लिहीत होती. मग तिने ती वही सरांपुढे ठेवली. मला वाटले होते, सर रागावतील. त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, "आम्हीही असेच तहानलेले खेळलो. आम्हांला कोणी हे मोजून दाखवलंच नाही." दुसऱ्या दिवसापासून मैदानाच्या कडेला पाण्याचा पिंप आला.

तुमच्या मैदानावर काय नियम आहे? वाद घालत बसू नका. वही घ्या आणि आठवडाभर वजन लिहून पाहा.