पावसाचे पाणी आणि जाणण्याचा हक्क



26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि ते महानगर जलमय झाले. त्यानंतर तेथे स्वयंचलित पर्जन्यमापक बसविण्यात आले. 2020 साली पुराची पूर्वसूचना देणारी ‘आयफ्लोज’ यंत्रणाही सुरू झाली. पावसाचे पाणी क्षणोक्षणी मोजण्याची विद्या आपल्या राज्यात आहे. मग तिचा लाभ कुरकुंभला का मिळू नये?

दौंड तालुक्याचा हा भाग अवर्षणाचा. येथे पुराचे भय थोडे. भय आहे ते पावसाबरोबर काय वाहते याचे. येथील औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. आवारात काही सांडलेले असेल, तर पहिलीच सर ते धुऊन पावसाळी गटारात नेते. तेथून ते ओढ्यात आणि ओढ्याकाठच्या विहिरींत उतरते. उताराच्या शेवटी कोणाची वस्ती असते, हे तुम्हांस सांगावयास नको.

उपाय अशक्य नाही. गटाराच्या मुखाशी पाण्याची पातळी व आम्लता सतत मोजणारे संवेदक बसवावेत. पाणी दूषित आढळताच झडप आपोआप मिटावी आणि ते पाणी टाकीत अडवून प्रक्रिया केंद्राकडे न्यावे. स्वच्छ पाण्यास ओढ्याची वाट मोकळी असावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2014 साली अतिप्रदूषणकारी अशा 17 प्रकारच्या उद्योगांना सांडपाणी सतत मोजणारी यंत्रे बसविण्याचा आदेश दिला. जो न्याय सांडपाण्यास, तोच पावसाळी गटारास लावावा.

परंतु यंत्र हा केवळ साक्षीदार आहे. त्याची साक्ष कचेरीत कोंडून राहिली, तर तिचा उपयोग काय? संवेदकावर गाळ बसतो, वीज जाते. तेव्हा जाब विचारणारे लोक हवेत. तो जाब विचारण्याचा अधिकार तुम्हांस आहे. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याचे कलम 24 ओढ्यात वा विहिरीत विषारी द्रव्य जाणूनबुजून जाऊ देण्यास मनाई करते. प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली सुभाषकुमार खटल्यात सांगितले. माहिती अधिकाराच्या अर्जास 10 रुपये पडतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही पडत नाहीत.

तेव्हा येत्या ग्रामसभेत ठराव मांडा: गटारावर संवेदक बसवावेत आणि त्यांचे मोजमाप रोज मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. पाण्याला हात लावण्याचा हक्क आपण 1927 साली महाडला बजावला. त्या पाण्यात काय मिसळले आहे, हे जाणण्याचा हक्कही बजावलाच पाहिजे.