फाटक नसलेले उद्यान

पुण्यात ‘टेकडीवर जाऊन येतो’ असे सांगून निघालेल्या माणसाला ‘कोणत्या?’ असे कोणी विचारत नाही. ज्याच्या घरामागे जी, ती त्याची टेकडी. आमच्या वाट्याला बाणेर आणि पाषाण यांच्या मधली आली. तुकाईच्या देवळाच्या अंगाने चढून माथा गाठला की पुढे मुरमाची पायवाट धारेधारेने जाते. एका हाताला बाणेरचे टॉवर, दुसऱ्या हाताला पाषाणचे तळे आणि समोरून महामार्गाची घरघर. तासा-दीड तासात माणूस घरी परततो. बुटांवर धूळ, मोज्यांत कुसळे.

कागदोपत्री मात्र या टेकडीच्या बऱ्याच भागाचे नाव भारदस्त आहे: जैवविविधता उद्यान. उद्यान म्हटल्यावर पाहुणा फाटक शोधतो, तिकीटखिडकी शोधतो, निदान ‘फुले तोडू नयेत’ ही पाटी तरी शोधतो. इथे यातले काहीच नाही. १९९७ साली शहरात आलेल्या गावांपैकी काही पुढे वगळली गेली आणि २३ उरली. त्यांच्या विकास आराखड्यात टेकड्यांचे माथे आणि उतार मिळून सुमारे ९७८ हेक्टरवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण टाकले गेले. त्यावर वर्षानुवर्षे खल होऊन २०१५ मध्ये राज्य सरकारने ते कायम केले आणि जमीनमालकांना मोबदला ठरवला ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. मालकांना तो पुरेसा वाटला नाही, म्हणून जमिनी हातात आल्या नाहीत. जमिनी आल्या नाहीत, म्हणून उद्यान झाले नाही. पायथ्याशी पत्र्याच्या शेड मात्र कोणत्याही आराखड्याची वाट न पाहता उभ्या राहतात. मालकाची तक्रार खोटी नाही. स्वतःच्या जमिनीवर लोकांनी फुकट मोकळी हवा खावी आणि आपण सातबाऱ्याकडे बघत बसावे, हे कोणाला आवडेल?

तरीही, खरे सांगायचे तर, उद्यान ‘झाले’ तर काय होईल याचीच आम्हाला अधिक धास्ती आहे. विकसित टेकडी कशी दिसते हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आधी स्वागत कमान येते, मग पेव्हर ब्लॉक, मग ओपन जिम आणि शेवटी लाल बदामाचे चिन्ह घातलेला सेल्फी पॉइंट. धारेवरची पायवाट ‘जॉगिंग ट्रॅक’ होते आणि तिच्या उद्घाटनाला चारचाकी वरपर्यंत जावी म्हणून रस्ताही होतो.

झाडे लावणारे हा आणखी वेगळा प्रकार. दर पावसाळ्यात एकसारखे टी-शर्ट घातलेली मंडळी बसमधून उतरतात, खड्डे घेतात, फोटो काढतात आणि ‘उजाड’ टेकडी हिरवी करून जातात. टेकडी उजाड नसते, ती गवताची असते. याच गवतात जूनच्या सरींनंतर मुसळीची पांढरी फुले येतात, आषाढात आमरी डोके वर काढते, भाद्रपदात सोनकी पिवळी होते. टिटवी तर अंडी घालते ती उघड्या मुरमावरच. पूर्वी वनीकरणाच्या उत्साहात पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प भरभरून लावले गेले. नाव देखणे, वाढ झटपट. पण झाड मूळचे मध्य अमेरिकेतले आणि त्याच्या गर्दीखाली इथल्या गवताला जागा उरत नाही. उन्हाळ्यात वणवा लागला की मात्र यातले कोणीही फिरकत नाही. तेव्हा फांद्या घेऊन धावतात ते रोजचे चार फिरणारे, ज्यांच्या टी-शर्टवर काही लिहिलेले नसते.

म्हणजे महापालिकेने हातावर हात ठेवून बसावे, असे नाही. हद्दीच्या खुणा कराव्यात, पायथ्याची अतिक्रमणे आणि राडारोडा रोखावा, वणव्याआधी जाळरेषा काढाव्यात, मालकांचा हिशेब एकदाचा मिटवावा. यातल्या कशाचीच फीत कापता येत नाही, ही अडचण आम्ही समजू शकतो.

गेल्या रविवारी उतरताना गुडघा कुरकुरला, तेव्हा इथे एखादा बाक हवा होता, असे आमच्याही मनात आले. एकच, साधासा. मग त्याच्या पाठीवर कोणाच्या ‘विशेष प्रयत्नातून’ आणि कोणाच्या निधीतून हे रंगवलेले असेल ते डोळ्यांसमोर आले आणि आम्ही मुकाट्याने दगडावर टेकलो.