उत्क्रांतीची हकालपट्टी आणि जबड्याच्या हाडांची साक्ष

जबलपूर येथील बडा शिमला टेकडीवर १८२८ साली कॅप्टन स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्यास एका अजस्र प्राण्याची अश्मीभूत हाडे मिळाली. तीवरूनच १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ या डायनोसॉरचे नामकरण केले. नर्मदेवरील लमेटा घाटाचे नाव धारण करणारे खडकांचे थर आज जगभरच्या अभ्यासकांना परिचित आहेत. परंतु याच जिल्ह्यातील पाटन तहसिलीत दहावीला बसणाऱ्या शेतमजुराच्या मुलीला या प्राण्यांशी आपले नाते काय, हे कळण्याची वाट अरुंद करण्यात आली. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२३ च्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातून उत्क्रांती काढून टाकली. शीर्षकात उरली केवळ आनुवंशिकता.

या काटछाटीचे परिणाम एकाच उदाहरणावरून पाहावेत. सरीसृप आणि सस्तन प्राणी यांतील फरक प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ करावा लागतो. सरीसृपांच्या अंगावर खवले, सस्तनांच्या अंगावर केस. सरीसृपांचे हृदय तीन कप्प्यांचे, सस्तनांचे चार. ते अंडी घालतात, हे पिलांना जन्म देऊन दूध पाजतात. कोष्टक पूर्ण झाले, गुण मिळाले! पण नर्मदेतील मगरीच्या हृदयाला चार कप्पे का? ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपस अंडी घालूनही पिलांना दूध कसे पाजतो? या प्रश्नांपुढे कोष्टक मुके होते.

अशा कोष्टकाचा मोह थोरामोठ्यांनाही पडला आहे. सस्तन प्राणी अंडी घालतो, या कल्पनेची एंगल्स यांनी १८४३ मध्ये मँचेस्टर येथे टर उडवली होती. पुढे ती गोष्ट सिद्ध झाली आणि १८९५ मध्ये कॉनराड श्मिट यांना लिहिलेल्या पत्रात, आपल्याला प्लॅटिपसची क्षमा मागावी लागली, अशी मोकळी कबुली त्यांनी दिली. वास्तवापुढे आपली व्याख्या नमवणे हीच वैज्ञानिक वृत्ती. आमच्या राज्यकर्त्यांची वृत्ती नेमकी उलटी आहे.

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथील वैदिक संमेलनाच्या निमित्ताने तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला. वानराचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, हा त्यांचा युक्तिवाद! देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला.

‘कोणी पाहिले?’ या प्रश्नाला प्रत्येकाच्या कानातच उत्तर आहे. सरीसृपाचा खालचा जबडा अनेक हाडांचा, आणि मध्यकर्णात हाड एकच. सस्तनाचा जबडा प्रत्येक बाजूस एकाच हाडाचा, आणि कानात मात्र तीन हाडे: हातोडी, ऐरण आणि रिकीब. जबड्यातील हाडे गेली कुठे? जर्मन शरीरशास्त्रज्ञ रायशर्ट यांनी १८३७ मध्ये, म्हणजे डार्विनच्या ग्रंथाच्या बावीस वर्षे आधी, भ्रूणांचा अभ्यास करून दाखवले की सरीसृपाच्या जबड्याचा सांधा ज्या दोन हाडांचा, तीच सस्तनात हातोडी व ऐरण झाली आहेत. पुढे सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गन्युकोडॉन या चिमुकल्या प्राण्याच्या जीवाश्मांत जुना आणि नवा असे दोन्ही सांधे एकाच जबड्यात आढळले. यापेक्षा स्पष्ट साक्ष कोणती हवी?

याचा अर्थ आजचा सरडा हा माणसाचा आजोबा, असा नव्हे. एकाच पूर्वजापासून तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दोन शाखा फुटल्या. एकीतून सरडे, साप, मगरी, डायनोसॉर व पक्षी आले. दुसरीतून सस्तन प्राणी. म्हणूनच मगर सरड्यापेक्षा पक्ष्याला जवळची आहे. इतिहास कळला की कोष्टकातील अपवाद हेच पुरावे ठरतात.

विद्यार्थ्यांवरील भार हलका केला, बारावीत उत्क्रांती आहेच, असे समर्थन करण्यात आले. हे समर्थन फसवे आहे. बारावीत ती वाचणार जीवशास्त्र घेणारा विद्यार्थीच. दहावीनंतर ज्यांची शाळा सुटते, जे आय.टी.आय., वाणिज्य वा कलाशाखेकडे वळतात, त्यांचे काय? भार कमी करायचा, तर घोकंपट्टीची कोष्टके कमी करा. त्यांचा अर्थ उलगडणारे सूत्र कापून भार हलका होत नाही, वाढतो. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी खुल्या पत्राद्वारे याविरुद्ध आवाज उठवला, तो याचसाठी.

जे आहे ते असेच होते आणि असेच राहणार, हे शिकवणे सत्ताधाऱ्यांना नेहमीच सोयीचे असते. जबड्याचे हाड कानात गेले, हे ज्या मुलीला उमगते तिला जगात काहीच अचल नाही, हेही उमगते. पाटनच्या मुलीचा हा हक्क आहे. दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती उत्क्रांतीचा धडा पडलाच पाहिजे!