संध्याकाळ कुणाची?

एमडी झाली, बॉण्डचं वर्षही फिटलं, की आमच्या तरुण सहकाऱ्यांचा फोन येतो: 'सर, बसू कुठे?' नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांच्या पाट्यांची एवढी दाटी आहे, की पेशंटला डॉक्टरआधी पार्किंग शोधावं लागतं. तरी सगळ्यांना बसायचं तिथेच असतं. बुटीबोरी सुचवली की पलीकडून नुसतं 'हं' येतं.

शहरापासून वर्धा रोडनं तीसेक किलोमीटर. वाटेत मिहानमधलं एम्स, पुढे एमआयडीसीचे कारखाने. काम कमी पडेल ही भीती तर मुळीच नको. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, आजार असूनही उपचारांविना राहणाऱ्यांचं प्रमाण आजारागणिक 70 ते 92 टक्के होतं. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा भरत नाही. प्रश्न कामाचा नाहीच, वेळेचा आहे.

आपण चिठ्ठीवर सवयीनं 'एचएस' लिहितो, झोपताना. ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते, त्यानं कधी झोपायचं? रात्रपाळीला जाणाऱ्याला रात्री नऊला ओलान्झापिन दिली, तर तो मशीनवर पेंगणार. दिली नाही, तर आजार उलटणार. बायपोलरच्या पेशंटची रात्रपाळी थांबवावी म्हणून चिठ्ठी द्यावी, तर कंत्राटी माणूस ती ठेकेदाराला दाखवायलाच घाबरतो. हे रेसिडेन्सीत कुणी शिकवत नाही. इथे दोन वर्षं बसलेला डॉक्टर मात्र अशा बाबतीत मोठ्या शहरातल्या प्राध्यापकाला चार गोष्टी सांगू शकेल. करिअर म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

आता दुसरी बाजू. पहिली पाळी सुटली की कामगार दवाखान्यात येणार चार-पाचनंतर. तुमची मुलगी शाळेतून घरी येते तीही तेव्हाच. 'सायकॅट्री घेतली, म्हणजे इमर्जन्सी नाही,' असं म्हणणाऱ्यांना रात्री अकराला 'पेशंट गच्चीवर चढलाय' असा फोन अजून आलेला नसतो. मी स्वतः पहिली सहा वर्षं एकच नंबर घरी आणि दवाखान्यात वापरला. जेवणाच्या ताटावर बसून किती जणांना लिथियमच्या तपासणीची आठवण दिली, याची मोजदाद नाही. बायकोनं केली असेल.

2020पासून टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना आहेत, फॉलो-अप व्हिडिओवर होऊ शकतो. पण एका खोलीत सहा जण राहतात तिथे मन मोकळं कोण करणार? रात्रीच्या फोनांसाठी टेली-मानसचा 14416 हा क्रमांक चिठ्ठीवर छापून घ्या, थोडा भार हलका होईल. माणूस खरंच गच्चीवर असेल तर आधी 112, हे नातेवाइकांना पहिल्याच भेटीत सांगा.

माझं मत विचाराल तर एकट्यानं जाऊच नका. बॅचमधला जोडीदार गाठा आणि दोघांत एकच दवाखाना काढा. सोमवार-गुरुवारची संध्याकाळ एकाची, मंगळवार-शुक्रवारची दुसऱ्याची. बुधवारी आणि शनिवारी सकाळी लवकर बसा, रात्रपाळी सुटलेल्यांसाठी. दवाखान्याचा फोन ज्याची पाळी त्याच्या खिशात. पहिल्या वर्षी कमाईही अर्धीच पडेल; ते मात्र घरी आधीच सांगून ठेवा.