पुण्य कुणाचं, बोटं कुणाची?



गेल्या महिन्यात आमच्या शिवणगटाच्या बैठकीला एक पाहुणे आले होते. कुत्र्या-मांजरांसाठी वस्तू विकणाऱ्या मुंबईतल्या एका कंपनीचे प्रतिनिधी. त्यांनी पिशवीतून एक कापडी प्राणी काढून सतरंजीवर ठेवला. निमुळतं तोंड, लांब शेपटी, पाठीवर ओळीनं शिवलेले तपकिरी खवले. खवले मांजर! पाळलेल्या कुत्र्यानं चावायचं, फेकायचं, असं खेळणं. किंमत ४९९ रुपये. गळ्यात दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, तिच्यावर छापलेलं : ‘या विक्रीतील काही वाटा खवले मांजराच्या संरक्षणासाठी.’

शिलाई नगामागे १८ रुपये. एवढ्या कामाला एरवी आम्ही ४५ घेतो, असं मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, “धर्मादाय काम आहे ताई, तुमच्या बायकांचाही हातभार लागू दे की.”

नमुना हातोहात फिरला. बायकांनी खवले मोजले, बेचाळीस भरले. कापायचे, दुमडायचे, टाचायचे, मग मशीन मारायची. एका नगाला सव्वा तास सहज जाणार. दिवसभर मान मोडून सहा नग, म्हणजे १०८ रुपये. दोरा आणि वीज आपली. गटातली सर्वांत थोरली बाई एवढंच म्हणाली, “पुण्य त्यांचं, बोटं आमची.”

खवले मांजर वाचायला हवं, याबद्दल आमच्यात दुमत नव्हतं. मुंग्या-वाळवी खाऊन जगणारं, तोंडात एकही दात नसलेलं हे लाजरं जनावर. संकट आलं की अंगाचं वेटोळं करतं. वाघाच्या दातांना ते वेटोळं दाद देत नाही, माणसाला मात्र उलट सोपं जातं : उचलायचं आणि पोत्यात घालायचं. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होतं, ते तिच्या शेपटीच्या बुडाशी बसून हिंडतं. म्हणजे गेलेली संख्या भरून निघायला वर्षानुवर्षं लागतात. आणि हे सारं कशासाठी, तर खवल्यांसाठी. ते खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात. औषध म्हणून त्यांना मागणी असते. एप्रिल २०१९मध्ये सिंगापूरला एका आठवड्यात दोन कंटेनर पकडले, त्यांत मिळून २५ टनांहून अधिक खवले निघाले. नायजेरियातून व्हिएतनामला चालले होते. सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७च्या जानेवारीपासून बंदी लागू असताना हे घडलं. चीननं २०२०मध्ये या प्राण्याला सर्वोच्च संरक्षण दिलं, पण चोरटा धंदा थांबलेला नाही.

आपल्याकडे तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत ते आहे. शिकार केली किंवा खवले विकले तर तीन ते सात वर्षं कैद. आणि इथे मला एक बाई आठवते. दोन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे सल्ला घ्यायला आली होती. नवऱ्याला काजूच्या बागेत खवले मांजर सापडलं. कुणीतरी कानात सांगितलं, लाखो रुपये मिळतात. गिऱ्हाईक म्हणून आलेला माणूस पोलिसांचा निघाला. नवरा आत. ज्यानं कानात सांगितलं तो गावातून नाहीसा. वकील, जामीन, तालुक्याच्या फेऱ्या सगळं हिच्या अंगावर आलं. मंगळसूत्र गहाण पडलं. “त्या जनावराचा एक रुपया घरात आला नाही, गेलं ते माझंच,” असं ती म्हणाली. नवऱ्याची मी बाजू घेत नाही, गुन्हा तो गुन्हाच. पण संरक्षणाचा पैसा कुठे जायला हवा हे मला त्या दिवशी दिसलं. लाखाची अफवा जिथे पसरते, त्या घरापर्यंत तो पोचायला हवा.

कोकणात असं काम झालेलं आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २०२०च्या फेब्रुवारीत डुगवे गावात खवलोत्सव केला, तोही ग्रामदैवताच्या देवळात. खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून गावानं नाचवली. ज्याची पालखी नाचवली त्याला पोत्यात कसं घालायचं, हा पेच गावानं स्वतःहून स्वतःला घालून घेतला. तिथे कुणाला खेळणं विकावं लागलं नाही.

म्हणून विक्री वाईटच, असंही मी म्हणणार नाही. आसाममधल्या पूर्णिमादेवी बर्मन यांचं काम पाहा. हरगिला हा मोठा करकोचा लोकांना घाणेरडा, अशुभ वाटायचा, त्याची घरटी असलेली झाडं तोडली जायची. पूर्णिमादेवींनी गावातल्या बायकांना एकत्र केलं. त्यांना माग आणि सूत मिळवून दिलं, त्या साड्यांवर आणि उपरण्यांवर हरगिला विणू लागल्या. आज त्या ‘हरगिला सेने’त दहा हजारांहून अधिक बायका आहेत, आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार पूर्णिमादेवींना २०२२मध्ये मिळाला. तिथेही कापडच विकलं जातं. फरक एवढाच, की घरटी राखणारी आणि विणणारी बाई एकाच गावची आहे, आणि विणकामाचे पैसे तिला मिळतात. पक्ष्याच्या नावानं तिची मजुरी कापली जात नाही.

आता त्या चिठ्ठीकडे येऊ. ‘काही वाटा’ म्हणजे किती? पाच रुपये की पन्नास? कोणत्या संस्थेला? कधी? पाहुण्यांना विचारलं तर “ते वरून ठरतं,” असं उत्तर आलं. ४९९ रुपये मोजणाऱ्या बाईला वाटतं आपण दान केलं. वास्तविक ती खरेदी असते, देणगीची पावती तिला मिळत नाही. पुढे तो वाटा खरोखर दिला गेला तर देणगीदार म्हणून नाव कंपनीचं लागतं. आणि आमच्या नगामागचे कापलेले २७ रुपये? ते तर कुठल्याच चिठ्ठीवर नाहीत. खरं तर या सगळ्या व्यवहारात ठरलेला, मोजता येणारा त्याग एकाच ठिकाणी आहे, आणि तो करणारीला कुणी विचारलेलंही नाही. बायकांच्या कामाला ‘सेवा’ म्हटलं की दर उतरतो, हा अनुभव आपल्याला अंगणवाडीपासून आहेच.

बैठकीत मात्र एकमत झालं नाही. एक तरुण मुलगी उठून म्हणाली, “ताई, तुमचं बरोबर असेल, पण पावसाळ्यात आमच्याकडे दुसरं काम नसतं. १०८ तर १०८.” तिला तत्त्व सांगायला माझी जीभ रेटेना. माझा पगार महिन्याच्या महिन्याला होतो.

शेवटी सगळ्यांनी मिळून पत्र लिहिलं. शिलाई ४५, त्यात घासाघीस नाही. चिठ्ठीवर रक्कम रुपयांत छापा, संस्थेचं नाव छापा, आणि सहा महिन्यांनी पैसे पोचल्याचा कागद गटाला दाखवा. जंगलालगतच्या गावातल्या पाच बायकांना हेच शिवणकाम शिकवायला आमच्यातल्या दोघी जातील, त्यांचा प्रवासखर्च कंपनीनं द्यावा. हे मान्य असेल तर पहिले दहा नग आम्ही विनामूल्य शिवू. ही शेवटची ओळ त्या थोरल्या बाईनंच घालायला लावली. स्वतःच्या मर्जीनं द्यायला तिची ना नव्हती.

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. तुमच्या गटाकडे असे प्रस्ताव आले असतील तर दर काय ठरला ते आम्हाला जरूर कळवा, पुढच्या अंकात छापू. नमुना अजून कार्यालयातच आहे. टिकतो का ते बघावं म्हणून परवा गल्लीतल्या कुत्र्यापुढे टाकला होता. पंधरा मिनिटांत त्यानं सात खवले उपटले. थोरल्या बाईनं ते गोळा करून पुन्हा शिवून टाकले, या वेळी दुहेरी दोऱ्यानं.