संगमरवराआधीचा कागद : सरफोजी राजे आणि जॉन फ्लॅक्समन

तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यातील चर्चमध्ये एक संगमरवरी उठावशिल्प आहे. मृत्युशय्येवर जर्मन मिशनरी श्वार्ट्झ. त्यांचा हात हाती घेऊन उभे सरफोजी राजे भोसले. शिल्पकार लंडनचा जॉन फ्लॅक्समन. मराठी इतिहासप्रेमी हा ‘मिशनऱ्यांचा विषय’ म्हणून सोडून देतात. ती चूक आहे, कारण हे स्मारक स्वतः सरफोजींनी करवून घेतले.

अमरसिंहांच्या काळात लहानग्या सरफोजींचे पालकत्व श्वार्ट्झ यांनी सांभाळले होते. १७९८ मध्ये ते वारले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाच्या हाती उरली ती स्मृती. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवला. तो शिलालेख अभिमानाने सांगितला जातो. त्याच राजाचे दुसरे स्मारक मात्र गाळले जाते.

फ्लॅक्समन हिंदुस्थानात कधीच आला नाही. त्यामुळे तंजावरचे हे दृश्य ठरले ते कागदावर. त्याची रीत अशी : आधी लेखणीने बाह्यरेषा, क्वचित फिकट छाया, मग छोटा नमुना, संगमरवरावरचे बरेचसे काम सहाय्यकांच्या छिन्नीचे. होमरच्या काव्यांसाठी त्याने काढलेली, १७९३ मध्ये प्रसिद्ध झालेली चित्रे तर निव्वळ रेषेची आहेत. कोण उभा राहील, कोण वाकेल, ग्रीक मांडणीत मराठी राजा कुठे बसेल, याचा निवाडा अशा शिल्पकाराच्या कच्च्या रेखाटनातच होतो.

राजा मिशनऱ्यापुढे नमला, असा या शिल्पाचा अर्थ काढणे म्हणूनच घाईचे आहे. प्राचीन ग्रीक थडग्यांच्या शिळांवर निरोप घेणारी माणसे अशीच हातात हात देतात, आणि फ्लॅक्समन त्या परंपरेत मुरलेला होता. नम्रतेचा शिक्का मारण्याआधी राजाची मागणी कोणती आणि शिल्पकाराची सवय कोणती, हे वेगळे काढले पाहिजे. (कंपनीनेही श्वार्ट्झ यांचे स्मारक मद्रासच्या सेंट मेरी चर्चसाठी धाकट्या जॉन बेकनकडून करवून घेतले. दोन्हींची तुलना उद्बोधक ठरेल.)

फ्लॅक्समनची रेखाटने आणि प्लास्टरचे नमुने मोठ्या संख्येने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आहेत. तंजावर दरबारचे मोडी कागद सरस्वती महालात. इंग्रज कलेचे अभ्यासक मोडी वाचत नाहीत. मोडी शिकणाऱ्या मराठी तरुणांसाठी ही वाट मोकळी आहे.