नशिबाच्या नावावर खपवलेला कॅन्सर



गावात कोणाला कॅन्सर झाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं म्हणजे, "भोग आहेत, कोणाला चुकलेत?" दुसरं जरा शिकलेल्या तोंडचं: "तंबाखू खात होता ना, मग भोगणारच." पहिल्यात देवाला धरलं जातं, दुसऱ्यात रोग्याला. पुडी बनवणारा, ती शाळेच्या दारात विकू देणारा, तिच्या करावर तिजोरी भरणारा आणि तपासणीची सोय न करणारा, हे चौघे दोन्ही वाक्यांतून सहीसलामत सुटतात. हे पत्रक त्या चौघांविषयी आहे.

आधी नशिबाचा निकाल लावू.

१९६३ साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने शहरातल्या कॅन्सर रोग्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. देशातली अशी ही पहिलीच नोंदणी. कोणाला, कोणत्या अवयवाचा, वय काय, धर्म कोणता, सगळं टिपलं जाऊ लागलं. डॉ. दाराब जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या पारशी आणि बिगरपारशी नोंदी शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हा नशिबाची भाषा तिथेच लटकी पडली. पारशी बायकांत स्तनाचा कॅन्सर जास्त, गर्भाशयमुखाचा कमी. हिंदू बायकांत गर्भाशयमुखाचा जास्त, स्तनाचा कमी. शहर तेच, तानसा तलावाचं पाणी तेच, समुद्राची हवा तीच. फरक होता तो जगण्यात. पारशी मुली शिकत, लग्न उशिरा करत, पोरं एखाददुसरी. इतर घरांत लग्न कोवळ्या वयात, बाळंतपणं एकामागून एक, अंघोळीला पाणी आणि आडोसा दोन्हींची मारामार. पारशी धर्मात अग्नी पवित्र, म्हणून विडी-सिगारेट वर्ज्य. त्यांच्या पुरुषांत तंबाखूने होणारे कॅन्सर कमी. लहान, आपापसात लग्नं करणारा समाज म्हणून त्यात थोडा भाग रक्ताचाही असेल. पण एकूण कॅन्सरांत आईबापांकडून सरळ वारशाने आलेले शेकडा पाच ते दहाच असतात. जपानी माणसं हवाईला जाऊन राहिली, तर पुढच्या पिढीत त्यांचा पोटाचा कॅन्सर उतरला आणि आतड्याचा व स्तनाचा चढला. रक्त तेच होतं, ताट बदललं होतं.

त्याच्याही आधी, १९४५ साली, मुंबईच्या डॉ. वसंत खानोलकरांनी धोतराच्या कॅन्सरविषयी लिहिलं होतं. कमरेला एकाच जागी वर्षानुवर्षं घट्ट आवळलेलं धोतर, तिथे घासून कातडी काळी पडणार, मग जखम, मग कॅन्सर. धोतरं गेली, पँटी आल्या, तसा तो दुर्मिळ झाला. परकराच्या नाडीने कमरेला होणारा मात्र अजून अधूनमधून सापडतो. काश्मीरमध्ये फेरन नावाच्या सैल झग्याच्या आत पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरतात, तिथे पोटाच्या आणि मांडीच्या कातडीचा कॅन्सर होतो. असलं नशीब एखाद्या कपड्यावर नि शेगडीवर बेतलेलं कसं असेल?

आता दुसरं वाक्य. खात होता ना, मग भोगणारच.

२०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले शंभरातले सव्वीस-सत्तावीस प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यात ओढणारे चारसुद्धा भरत नाहीत. चोवीसेक जण खाणारे, चघळणारे, घासणारे; काही दोन्हीत मोजलेले. बायकांतही शंभरात सतरा. विदर्भात पन्नीत घोटलेला खर्रा, नगरकडे मावा, शहरात गुटखा, आणि पश्चिम महाराष्ट्र-मराठवाड्यात घराघरात मिश्री. ही मिश्री कधी जवळून बघा. तव्यावर तंबाखू टाकतात, काळीकुट्ट होईपर्यंत भाजतात, घरभर ठसका बसतो, धुण्याच्या दगडावर किंवा खलबत्त्यात कुटून डबीत भरतात. सकाळी दातांना घासायची म्हणून सुरू होते, दुपारी जेवणानंतर एकदा, संध्याकाळी चूल पेटवण्याआधी एकदा. बाई गरोदर असली तरी बोट डबीत जातंच. पोरीच्या हातात पहिली मिश्री सासू देते किंवा आई देते, दातदुखीवर औषध म्हणून. तिला कोणी विचारलेलं नसतं की बाई, तुझी निवड काय.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं बघा. पहाटे तीनला उठायचं, थंडीत फडात उतरायचं, भाकरी मिळायला उन्हं वर येणार. तोवर भूक मारायला आणि डोळे उघडे ठेवायला मिश्रीचं बोट असतं. आणि दवाखान्यातल्या भिंतीवर आपण लिहितो, "जीवनशैली बदला". तिने काय बदलायचं? मुकादम, की उचल, की पहाटेची वेळ?

सुपारीचं तर बोलायलाच नको. लग्न ठरलं की सुपारी फुटते, पूजेत ती गणपती होते, पाहुण्याला तबकातून पुढे केली जाते. तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी चघळतो, असं अभिमानाने सांगणारे हजारो आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात नुसती सुपारीही, तंबाखूचा कण नसला तरी, माणसात कॅन्सर करणाऱ्या पक्क्या गोष्टींत धरली आहे. तिने गालाच्या आतलं अस्तर हळूहळू आवळत जातं, कडक होतं, तिखट झोंबायला लागतं आणि एक दिवस तोंड पुरतं उघडेनासं होतं. कोवळ्या पोरांचीही तोंडं अशी आवळलेली आहेत. आपली तीन बोटं उभी धरून दातांच्या मध्ये घालून बघा. दोनच जात असतील तर हे पत्रक खाली ठेवा आणि दंतवैद्याकडे जा.

हा माल पोरांपर्यंत पोचतो कसा? महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी आणली. ती २००४ साली सुप्रीम कोर्टात टिकली नाही. जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली आणि पुढे ती नव्या नव्या आदेशांनी चालू राहिली. कागदावर राज्य गुटखामुक्त आहे. तुमच्या चौकातल्या टपरीवर हात पुढे करा, खालच्या फळीवरून पुडी येते की नाही ते तुम्हालाच ठाऊक. सीमेपलीकडून टेम्पो भरून येतात, अधूनमधून एखादा पकडला जातो, पेपरात फोटो येतो आणि भाव दोन रुपयांनी वाढतो. टीव्हीवर नामांकित नट 'वेलची' विकतात. त्या वेलचीचं नाव आणि पानमसाल्याचं नाव एकच कसं, हे पाचवीतल्या पोरालाही कळतं, फक्त अधिकाऱ्यांना कळत नाही. आणि विडी? तिच्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ वर आणण्याचं ठरलं. अशा वेळी विडी कामगारांचं नाव नेहमी पुढे केलं जातं. सोलापुरात सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी वाढवायला मात्र इतक्या तत्परतेने कोणी बसलेलं आठवत नाही. त्यांच्याच फुप्फुसात तंबाखूची धूळ जाते, त्यांच्याच नावाने कर उतरतो.

कोणी म्हणेल, आमचे आजोबा नव्वदीपर्यंत बार भरत होते, काही झालं नाही. खरं असेल. एकट्या आजोबांवरून काहीच सिद्ध होत नाही, दोन्ही बाजूंनी नाही. लाखभर माणसांचा हिशेब मांडला की चित्र दिसतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या अंदाजात देशातल्या त्या वर्षीच्या सुमारे १३.९ लाख नव्या कॅन्सर रोग्यांपैकी २७ टक्के तंबाखूशी जोडलेले होते. प्रत्येकाच्या घरी एक आजोबा शाबूत असू शकतात आणि तरीही हा आकडा खरा असतो. तंबाखूवाल्यांना आजोबांची गोष्ट फार आवडते.

दुसरा एक वर्ग सगळं खापर फवारणी, रसायनं आणि मोबाइलच्या टॉवरवर फोडतो. फवारणीची काळजी करावीच, तोंडाला फडकं बांधल्याशिवाय पंप पाठीला लावू नये. पण गालात तंबाखू धरून टॉवरविरुद्ध निवेदन देणाऱ्याला काय म्हणावं?

शहरातल्या बायांसाठी थोडं. मुंबईच्या नोंदीत स्तनाचा कॅन्सर कधीच पुढे निघून गेला. पहिलं मूल उशिरा, मुलं कमी, अंगावर पाजणं थोडके महिने, वजन वाढलेलं, ही त्याची काही कारणं. यावरून "म्हणून मुलींची लग्नं लवकर करा" असा उपदेश काढणाऱ्यांनी हे पत्रक वापरू नये. लवकर लग्नाने काय होतं ते पुढे येतंच आहे. शिकून, कमावून, उशिरा आई होण्याचा हक्क राखूनही गाठ लवकर सापडू शकते. छातीत न दुखणारी गाठ लागली तर "दुखत नाही ना, मग बघू" असं म्हणू नका.

आता या पत्रकातली सगळ्यात संतापाची गोष्ट.

बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी आहे. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या खेड्यांत माणसं जाऊन विचारतात, नोंदवतात. तिथे बायकांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर सगळ्यांत पुढे निघाला. कारण एचपीव्ही नावाचा विषाणू, आणि त्याला साथ देणारं आपलं जुनं घरगुती सामान: अठराच्या आत लग्न, लागोपाठ बाळंतपणं, पाण्याची टंचाई, नवऱ्याचं बाहेरचं आणि बायकोचं गप्प बसणं. त्याच भागातल्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, एक लाख एकतीस हजार बायकांवर १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. तीस ते एकोणसाठ वयाच्या, शेतात राबणाऱ्या बायका. त्यांतल्या एका गटाची आयुष्यात एकदा, फक्त एकदा, एचपीव्हीची तपासणी केली आणि ज्यांना गरज होती त्यांच्यावर उपचार केले. दुसऱ्या एका गटाला नेहमीसारखंच ठेवलं. दोन्हीकडे तीस-पस्तीस हजार बायका. आठ वर्षांनी मोजलं तेव्हा तपासलेल्या गटात या कॅन्सरने ३४ बायका दगावल्या होत्या, न तपासलेल्यात ६४. हा निकाल २००९ साली जगातल्या अव्वल वैद्यकीय नियतकालिकांपैकी एकात छापून आला आणि देशोदेशींच्या तपासणीची धोरणं ठरवताना तो पुढे ठेवला गेला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तर साधी प्रशिक्षित आरोग्यसेविका, हातात व्हिनेगरसारखं पातळ ॲसिटिक ॲसिड आणि टॉर्च, एवढ्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेही २०१३ साली जाहीर झालं.

तपासणीविना ठेवलेल्या बायकांविषयी तेव्हा प्रश्न उठले, आणि ते योग्यच होते. पण आज जवळपास अख्खा महाराष्ट्र त्या तपासणीविना ठेवलेल्या गटात आहे, त्याचा जाब कोण विचारतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या दोनसुद्धा भरल्या नाहीत. तोंड तपासलेली एकही धड नाही.

तपासणी नाही, पण भीती आहे, आणि भीतीला गिऱ्हाईक असतं. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीने ऊसतोडीच्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली. १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीमुळे कामात खाडा पडला की दंड, अंगावरून पांढरं जातं म्हणून खाजगी दवाखाना, तिथे सोनोग्राफीचा कागद पुढे करून "ठेवली तर कॅन्सर होईल". बाई तिशीतली, दोन लेकरं झालेली, उचल घेऊन ऑपरेशनचे पैसे भरते आणि ते फेडायला पुन्हा फडात जाते. या बायकांना दोन मिनिटांची तपासणी फुकट मिळाली असती तर किती पिशव्या शाबूत राहिल्या असत्या? ज्या कॅन्सरला सरकारने बोट लावलं नाही, त्याच कॅन्सरच्या नावाने त्यांच्या पोटावर सुरी चालली.

पुण्यात बनलेली एचपीव्हीची लस २०२३ पासून बाजारात आहे. ती नऊ ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलीला शाळेतच मिळाली पाहिजे. ऐपतदाराच्या लेकीपुरती राहता कामा नये.

घरात जे करता येतं ते आजच करा. मिश्रीची डबी पोरीच्या हातात देऊ नका, दाताला दुखत असेल तर दवाखान्यात न्या. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जाणं, यातलं काहीही लपवू नका. रोग झालेल्याला "खात होतास ना" असं म्हणू नका. भेटायला जाताना टोमण्याऐवजी गाडीभाडं न्या.

पण घरात केलेलं पुरणार नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी गावात ग्रामसभा असते. बायकांनी तिथे पुढे बसावं. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आणि सरपंचाला विचारा: शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला कायद्याने मनाई आहे, मग फाटकासमोरची टपरी कोणाच्या आशीर्वादाने उभी आहे? प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरच्या बायापुरुषांचं तोंड आणि बायकांचं गर्भाशयमुख कोणत्या वारी तपासतात? मागच्या वर्षात किती तपासले, त्यांची नावनिशी कुठे आहे? गावातल्या किती बायकांची पिशवी काढली आणि कोणाच्या सांगण्यावरून? तोंडी उत्तरावर घरी येऊ नका. प्रश्न आणि उत्तर दोन्ही इतिवृत्तात लिहून घ्या, आणि खाली तुमची सही करा.